डिस्क १०० टक्के

कॉम्प्युटर सुरू झाला की डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेत राइट क्लिक करायचं, ‘रिफ्रेश’ म्हणायचं, मग परत एकदा, मग आणखी चार वेळा. ही सवय महाराष्ट्रात कुणी कुणाला लावली याचा शोध लागायचा नाही. एमएस-सीआयटी २००१मध्ये सुरू झाला आणि गावोगावच्या सेंटरांत माणसं माऊस धरायला शिकली. त्या पहिल्या पिढीच्या बोटांत हे रिफ्रेश मुरलेलं आहे, आणि त्यांच्याकडून ते पुढच्यांच्या बोटांत उतरलंय. एमएस-सीआयटीनंतर जन्मलेली आमच्या लॅबमधली मुलंसुद्धा मशीन अडलं की रिफ्रेशचं बटण, एफ-फाइव्ह, बडवतात. त्याने होतं काय? डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा एकदा काढली जातात. बास. मशीन आधीच कामात बुडालेलं असतं, त्यात आपण त्याला आणखी एक किरकोळ काम सांगतो.

मंद मशीन पळवायला याच्या जोडीला आणखी विधी आहेत. तात्पुरत्या फाइलींचं ‘टेम्प’ फोल्डर रिकामं करणं. त्याने डिस्कवरची जागा सुटते, वेग नाही वाढत. अर्थात सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरला असेल तर तेवढीही सुटका म्हणायची. ‘प्रीफेच’ पुसणं हा तर उलटाच उद्योग. कुठला प्रोग्रॅम उघडताना कुठल्या फाइली लागतात याची टिपणं विंडोज तिथं करून ठेवतं, पुढच्या वेळी लवकर उघडता यावं म्हणून. ती आपण पुसतो आणि विंडोज निमूटपणे ती पुन्हा लिहायला बसतं. रजिस्ट्री क्लीनर, रॅम बूस्टर, ‘एका क्लिकमध्ये दुप्पट वेग’ ही मंडळी तर स्वतःच स्टार्टअपमध्ये, म्हणजे मशीनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत, ठाण मांडतात आणि घड्याळाशेजारी एक चिन्ह वाढतं.

फुकटच्या उपायांवर माझा राग नाही. फुकटात होण्यासारखं पुष्कळ असतं. पण मशीन कशासाठी खोळंबलंय हे आधी बघायला नको का? ते दाखवणारी खिडकी विंडोजमध्येच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. रिफ्रेश सगळ्यांना ठाऊक. ही खिडकी मात्र फार थोड्यांनी उघडलेली असते.

मी एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. आमच्याकडे कॉम्प्युटर मरत नाहीत, त्यांचं निर्लेखन होतं. म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरात नोंद असलेली वस्तू निकामी झाली असं समितीने ठरवेपर्यंत ती जिवंतच धरायची. तोवर तिच्यावर मुलांची प्रॅक्टिकलं घ्यायची. नवीन मशीन मागायचं तर तीन कोटेशनं, मंजुरी आणि मार्च एण्ड. त्यामुळे जुनं चालवणं हा माझा छंद वगैरे नाही, पगारातलं काम आहे. आणि नातेवाइकांत एकदा ही ख्याती पसरली की मग काय, सणाला गेलं तरी जेवणाआधी कुणाचा तरी लॅपटॉप समोर येतो.

कराडचा आतेभाऊ, आमचा दादा, याचं एसटी स्टँडजवळ झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बारशाची निमंत्रणं, ग्रामपंचायतीचे ठराव, पावतीपुस्तकं. दहावी-बारावीचा निकाल लागला की ॲडमिशनचे फॉर्म, आणि त्या काळात दुकानासमोर पायरीपासून रस्त्यापर्यंत पोरंपालक. त्याचा फोन आला तो नेमका तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर, म्हणजे पत्रिकांचा हंगाम उघडताना.

‘‘अगं, नवीनच घ्यावा म्हणतोय. ह्याच्यात आता जीव न्हाय राह्यला.’’

‘‘पैसे आहेत?’’

‘‘पैसे असते तर तुला कशाला फोन केला असता?’’

कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मेकॅनिकने त्याला सांगितलं होतं की प्रोसेसर म्हातारा झालाय, बोर्डासकट सगळं बदलावं लागेल. मशीन तसं जुनंच. तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, ३२२० नंबरचा, २०१२मध्ये आलेला. एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, चार जीबीची एकच रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज १०. असेंबल करणाऱ्याने आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे डिस्कचे सी, डी आणि ई असे तीन वाटे घालून दिलेले. सीमध्ये विंडोज, डीमध्ये काम, ईमध्ये गाणी आणि पोराच्या पहिल्या वाढदिवसाचं शूटिंग.

मी गेले तेव्हा दादाने मशीन नुकतंच चालू केलं होतं. डेस्कटॉप दिसत होता, पण दिसण्यापुरताच. मी टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे उघडायला सांगितला आणि वाट बघितली. प्रोसेसर १५-२० टक्क्यांवर आरामात. मेमरी, म्हणजे रॅम, ८० टक्क्यांच्या पुढे. आणि डिस्कचा रकाना लालभडक, १०० टक्के. पण त्याच रकान्यात खाली पाहिलं तर प्रत्यक्ष वाचन-लेखन किती, तर सेकंदाला एक-दीड एमबी. तीच डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचायला दिली तर सेकंदाला शंभर एमबी सहज देते.

लोक गोंधळतात ते इथं. तो १०० चा आकडा डिस्कने किती माल उपसला हे सांगत नाही. डिस्क किती वेळ कामात होती एवढंच सांगतो. ती अखंड कामात होती आणि तरीही जवळजवळ काहीच आणत नव्हती.

तहसील कचेरीतली रेकॉर्ड रूम डोळ्यांसमोर आणा. साहेब हुशार आहेत, सही क्षणात करतात, पण फाइली आणायला एकच शिपाई. तो जिना उतरतो, कपाट शोधतो, गठ्ठा सोडतो, एक कागद घेऊन वर येतो. साहेबांची सही होते आणि पुढचा कागद हवा असतो दुसऱ्या कपाटातला. शिपाई दिवसभर पळतोय, कुणी त्याला आळशी म्हणू शकणार नाही, पण साहेबांच्या टेबलावर दिवसाकाठी कागद किती आले? आणि आपण म्हणतो, साहेब म्हातारे झाले, साहेब बदला.

हार्ड डिस्कमध्ये हा जिना खरोखरीचा आहे. आत तबकड्या फिरतात, साध्या डेस्कटॉप डिस्कमध्ये मिनिटाला ७,२०० फेरे. म्हणजे एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, आणि त्याआधी सुईचा दांडा योग्य वर्तुळावर न्यायला साधारण तेवढाच किंवा त्याच्या दुपटीएवढा वेळ. सगळं मिळून एका तुकड्याला बारा-तेरा मिलिसेकंद धरा. सेकंदाला असे तुकडे वाचून होतात ऐंशीच्या आसपास. दादाचा ‘म्हातारा’ प्रोसेसर सेकंदाला ३३० कोटी ठोके देतो. एका तुकड्याची वाट बघण्यात त्याचे चार कोटी ठोके वाया जातात. लॅपटॉपच्या डिस्का बहुधा ५,४०० फेऱ्यांच्या, त्या याहून मंद. विंडोज सुरू होताना आणि प्रोग्रॅम उघडताना असे हजारो लहान तुकडे इथून तिथून गोळा करायचे असतात. त्यातच अपडेट तपासणं, अँटिव्हायरसची झडती, शोधासाठीची अनुक्रमणिका हे सगळे त्याच शिपायाला त्याच वेळी हाका मारतात. दादाकडे तर अँटिव्हायरसही दोन होते. एक विकत घेतलेला, एक प्रिंटरच्या सीडीबरोबर आलेला. प्रत्येक फाइलीची दोनदा झडती.

एसएसडी म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नाही. चिपवरून तुकडा मिळायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो आणि सेकंदाला हजारो तुकडे मिळतात. जुन्या मशीनवर पैसे खर्च करायचेच असतील आणि डिस्कचा रकाना लाल असेल, तर पहिला रुपया तिथं. दुसरं काहीही त्याआधी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, आणि या बाबतीत मी घरच्यांशीही वाद घालते.

दादाचं बजेट तीन हजार. त्याच्यावर एक पै नाही.

दुकानदाराकडे एसएसडी मागितली तर तो म्हणाला, ‘‘मॅडम, एच-६१ला नका लावू. त्याला साटा-थ्री नाही, स्पीडच मिळायचा नाही.’’ पहिलं वाक्य चूक, दुसरं अर्धं खरं. एच-६१वर साटाचे, म्हणजे डिस्क जोडायचे, सगळे पोर्ट जुन्या तीन गिगाबिटवाले. त्यामुळे खोक्यावर छापलेला ५०० एमबीचा आकडा मिळत नाही, २५०-२८०वर अडतो. पण तो आकडा मोठी फाइल सलग वाचण्याचा. दादाचं दुखणं लहान तुकड्यांचं, आणि तिथं ऐंशीवरून हजारोंवर जायला जुना पोर्टही मोकळाच असतो. कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशीनलाही मी एसएसडी लावलेल्या आहेत आणि त्या लॅबमध्ये आजही चालतात. घेताना मात्र नावाजलेल्या कंपनीची, बिलासकट, तीन वर्षं वॉरंटीची घ्यावी. ऑनलाइन बाजारात अविश्वसनीय स्वस्त, अविश्वसनीय क्षमतेच्या डिस्का मिळतात. त्यांच्याबाबतीत अविश्वास हाच योग्य. आम्ही २४० जीबीची घेतली. बजेटचा मोठा घास त्यातच गेला.

उरलेल्यातून रॅम. मेमरी ८० टक्क्यांच्या पुढे होती, म्हणजे क्रोममध्ये दोन-चार टॅब वाढले की विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवर नेऊन ठेवायला लागतं आणि पुन्हा तोच जिना. बोर्डावर दुसरा स्लॉट रिकामा होता. या बोर्डाला लागते ती जुन्या पिढीची डीडीआर-थ्री रॅम आता नवी घेण्यात अर्थ नाही. जुन्या मशीनमधून काढलेली चार जीबीची रॅम मेकॅनिककडे काही शे रुपयांत मिळते. रॅममध्ये झिजणारं काही नसतं, त्यामुळे सेकंडहँडची भीती नको, फक्त घेतल्यावर रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवावा. डेस्कटॉपची रॅम आणि लॅपटॉपची रॅम वेगळ्या आकाराच्या. लॅपटॉपसाठी घेताना आणखी एक बघावं लागतं: काही लॅपटॉप फक्त १.३५ व्होल्टची, म्हणजे डीडीआर-थ्री-एल रॅम घेतात आणि दीड व्होल्टची लावली तर सुरूच होत नाहीत. दोन्ही स्लॉट भरले की मेमरी दोन वाटांनी वाचली जाते. ज्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, जे याच रॅमवर पडदा रंगवतं, त्याला याचा फायदा होतो.

लावण्याआधी रॅमचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही, पण भारतातल्या प्रत्येक मेकॅनिकच्या खिशात एक खोडरबर असतो आणि ‘डिस्प्लेच येत नाही’ म्हणून आलेली कितीतरी मशीनं त्याने उठून बसतात.

कॅबिनेट उघडलं तेव्हा वहिनी मागे चहा घेऊन उभ्या होत्या. झाकण सरकलं आणि त्यांनीच आधी ‘‘अगं बाई!’’ म्हटलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्या असतात, त्या दिसतच नव्हत्या. टोनरची काळी भुकटी, झेरॉक्सच्या कागदाचा रवा आणि रस्त्यावरची धूळ यांचा एकसंध थर, बोटाने धरून सोलून काढता येईल असा. तळाशी झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या. खंडेनवमीला दादा मशीनची पूजा करतो, वरच्या जाळीवर हार ठेवतो आणि पुढ्यात उदबत्ती. हळद-कुंकवाचं बोट नेमकं पॉवरच्या बटणाला. किती खंडेनवम्यांच्या पाकळ्या होत्या कोण जाणे. वरच्या केशरी होत्या, खालच्या तपकिरी होऊन चुरा झालेल्या.

‘‘हार आता मॉनिटरला घालत जा,’’ मी म्हटलं.

‘‘मॉनिटर काय काम करतो? तो नुसता दाखवतो,’’ दादा म्हणाला. त्याच्या तर्काला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं. पात्यांचा तो ठोकळा, म्हणजे हीटसिंक, उचलला तर खालची, प्रोसेसरची उष्णता त्याच्याकडे पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटाराएवढी नवी पेस्ट लावली. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ पोचला की स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच उतरवतो. दुपारी मशीन जास्त मंद का होतं याचं उत्तर बरेचदा तिथं असतं. त्याच बैठकीत मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेलही बदलला. जनरल स्टोअरमध्ये मिळतो, चहा-भज्यांच्या पैशांत. तो संपला की रोज सकाळी मशीनची तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षात जाते. मग सरकारी साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत आणि शिव्या खातं इंटरनेट.

आता अवघड भाग. नवं विंडोज टाकणं सोपं होतं, पण मग पेजमेकरचं काय? दादा आजही पेजमेकर ७वर पत्रिका करतो. ते २००१चं सॉफ्टवेअर. अडोबीने २००४मध्ये त्याचं पुढचं काम थांबवलं, पण महाराष्ट्रातल्या छपाईवाल्यांनी थांबवलं नाही. सोबत मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर श्रीलिपी आणि तिचं डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावल्याशिवाय ती चालत नाही अशी किल्ली. ते जुने फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधीचे, त्यांच्यात ‘क’च्या जागी दुसरंच रोमन अक्षर दडलेलं असतं. पत्रिकेतला मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की नवऱ्यामुलाच्या नावाचा भलताच कचरा दिसतो. पण दादाकडे वीस वर्षांच्या पत्रिका त्यात आहेत. थोरल्या भावाच्या लग्नाची पत्रिका उघडायची, नावं बदलायची, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’वाली मुलांची यादी अद्ययावत करायची की धाकट्याची तयार. ते सोडा आणि युनिकोडवर या, असं म्हणायला माझं काय जातं? इन्स्टॉल करायची सीडी कुठं आहे ठाऊक नाही, आणि सापडली तरी सीडी ड्राइव्ह बंद.

म्हणून क्लोन. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत एसएसडीवर. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो लावून जुन्या डिस्कची तब्येत पाहिली. मरणाच्या दारातली डिस्क क्लोन करायला घेतली तर अर्ध्या वाटेत दगा देते. दोन-चार सेक्टर खराब होते, पण निभावण्यासारखे. ५०० जीबीची डिस्क २४०च्या एसएसडीवर कशी बसणार, हा प्रश्न आपल्या त्या सी-डी-ईच्या वाट्यांनीच सोडवला: फक्त सी आणि त्याच्या आधीचा ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’ नावाचा चिमुकला तुकडा नेला. तो चिमुकला विसरला तर मशीन बूट होत नाही. डी आणि ई जुन्याच डिस्कवर राहिले, आणि ती डिस्क बाजूच्या खणात तशीच लावून ठेवली. गाण्यांना आणि वाढदिवसाच्या शूटिंगला एसएसडीचं काही अडत नाही.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, साटाचा मोड ‘आयडीई’ होता, डिस्कशी बोलायची जुनी पद्धत. जुन्या असेंबल मशीनमध्ये हे हमखास आढळतं. एसएसडीसाठी तो एएचसीआय हवा, पण थेट बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून झोपतं. आधी विंडोजच्याच एमएसकॉन्फिग या साधनातून सेफ बूट लावायचं, मग बायोसमध्ये बदल, एकदा सेफ मोडमध्ये सुरू करायचं आणि सेफ बूट काढून टाकायचं. विंडोज स्वतःच हवा तो ड्रायव्हर उचलतं.

पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा दादा चष्मा पुसत होता. चष्मा लावून बघतो तर डेस्कटॉप आलेला. त्याने सवयीने राइट क्लिक करून रिफ्रेश केलं. मग पेजमेकरवर दोनदा क्लिक केलं आणि ते उघडलं.

‘‘हे तेच मशीन आहे?’’ वहिनींनी विचारलं.

तेच. प्रोसेसर तोच, बोर्ड तोच. स्टार्टअपमधली फालतू मंडळी बंद केली, दुसरा अँटिव्हायरस काढला. याला पैसे लागले नाहीत. पण हेच एसएसडीशिवाय केलं असतं तर दादाला फरक जाणवला असता का? थोडा. पहिल्या आठवड्यापुरता.

सगळं सुटलं असं मात्र नाही. यूट्यूब अजून अडखळत होतं, आणि तिथं डिस्कचा काही संबंध नव्हता. यूट्यूब व्हिडिओ पाठवतं ते बहुधा व्हीपी-नाइन किंवा त्याहून नव्या स्वरूपात. ते उलगडायची सोय तिसऱ्या पिढीच्या ग्राफिक्समध्ये मुळातच नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येतो. ब्राउझरमध्ये एच-२६४-इफाय नावाचं छोटं एक्स्टेन्शन टाकलं की यूट्यूब जुन्या एच-२६४मध्ये व्हिडिओ देतं आणि ते उलगडायचं यंत्र त्या चिपमध्ये आहे. फुकटचा उपाय, पण निदान झाल्यावरचा. जाहिराती अडवायला फायरफॉक्स आणि त्यात युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन. बातम्यांच्या मराठी साइटवर एक बातमी वाचायला किती खिडक्या, किती हलत्या जाहिराती आणि किती आपोआप सुरू होणारे व्हिडिओ उलगडावे लागतात हे जुन्या मशीनवर बसल्याशिवाय कळत नाही. नव्या मशीनवर ती उधळपट्टी खपून जाते.

पास्कल ही भाषा बनवणारे स्विस संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५मध्येच लिहून ठेवलं होतं की हार्डवेअर ज्या गतीने वेगवान होतं त्याहून जास्त गतीने सॉफ्टवेअर मंद होतं. तेव्हा विंडोज ९५ नुकतं येत होतं. विर्थ २०२४च्या १ जानेवारीला गेले. त्यांना आजचा एखादा चॅटचा प्रोग्रॅम दाखवायला हवा होता, जो मुळात अख्खा ब्राउझर पोटात घेऊन उघडतो आणि नुसतं ‘हो येतो’ एवढं लिहायला काही शे एमबी रॅम व्यापतो. धूळ आणि उष्णता सोडली तर जुनं मशीन मंद ‘होत’ नाही. ते पहिल्या दिवशी जेवढं भरभर चालायचं तेवढंच चालतं, त्याच्याकडून करून घ्यायचं काम मात्र वाढत जातं. आणि वाढवणारे असतात ते, ज्यांच्या टेबलावर दर दोन-तीन वर्षांनी नवं मशीन येतं. त्यांच्या सुखाचं बिल दादासारख्यांकडे येतं, हे मला खटकतं.

त्यातलं सर्वांत मोठं बिल १४ ऑक्टोबर २०२५ला आलं. त्या दिवशी विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा बहुधा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, दादाचा तिसऱ्या. म्हणजे धडधाकट चालणारं मशीन एका तारखेने बाद. दादा म्हणाला, ‘‘न्हाय आलं अपडेट तर बरंच की, कटकट गेली.’’ घरी गाणी ऐकायचं मशीन असतं तर मीही फार ताणलं नसतं. पण झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन गावाचं असतं. रोज परक्यांचे पेनड्राइव्ह लागतात, त्यातल्या निम्म्यांत शॉर्टकट व्हायरस. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये लोकांची आधार कार्डं, उत्पन्नाचे दाखले, मार्कशीट, पासबुकाचं पहिलं पान. आधारच्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष असतो हे त्या स्टँडवर शेंगदाणे विकणाऱ्यालाही माहीत आहे. अशा मशीनवर सुरक्षेची अपडेट बंद करून चालणार नाही. आणि कुणीतरी छाटून ‘हलकं’ केलेलं चोरटं विंडोज टाकणं तर मुळीच नाही. छाटताना त्याने काय काढलं ते तो सांगतो, काय घातलं ते सांगत नाही.

मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेटची एक वर्षाची मुदतवाढ दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर ती फुकट मिळते, नाहीतर ३० डॉलर. दादाचं खातं उघडून ती घेतली. दुकानाचा एखादा दिवस ठरवून डाउनलोड रिकामं करायचं हेही त्याच्याकडून कबूल करून घेतलं, ते तो कितपत पाळेल देव जाणे. मुदत संपली की बेत असा: पेजमेकरच्या मशीनची इंटरनेटची वायर काढायची आणि ते फक्त पत्रिकांसाठी ठेवायचं. फॉर्म भरायला घरातला जुना लॅपटॉप, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. ती चार जीबी रॅममध्ये नीट चालते, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच आणि सरकारी साइटना लागतो तो फक्त ब्राउझर. प्रिंटर आणि स्कॅनर लिनक्सवर चालतात का ते आधी पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून तपासता येतं, डिस्कला हात न लावता. डिजिटल सहीचं डोंगल लागणारी कामं असतील तर मात्र आधी खात्री करावी. माझा स्वतःचा लॅपटॉप कित्येक वर्षं मिंटवर आहे, हा लेख त्यावरच लिहिते आहे.

निकालाच्या दिवसात दादाचा पुन्हा फोन आला. ‘‘मशीन परत स्लो झालं.’’ टास्क मॅनेजर काय म्हणतो विचारलं. प्रोसेसर ५ टक्के, मेमरी अर्धी, डिस्क शून्य. मशीन रिकामं बसलं होतं, पलीकडचा सर्व्हर उत्तर देत नव्हता. ओटीपी यायला दहा मिनिटं आणि त्याची मुदतही दहाच मिनिटं. त्या खोळंब्यावर कराडात उपाय नाही. पण आता निदान समोरच्या माणसाला पडद्यावरचं शून्य दाखवून ‘आमचं मशीन ओके आहे’ असं सांगता येतं, आणि दादा ते मोठ्या आवाजात सांगतो.

मागच्या खेपेला शेजारच्या मोबाइल रिपेअरवाल्याने ऐकलं आणि मुलीचा लॅपटॉप घेऊन आला. दोन जीबी रॅम, ३२ जीबीचं स्टोअरेज आणि दोन्ही बोर्डावर सोल्डर केलेलं. उघडून बघितलं, स्लॉट नाही, डिस्कची जागा नाही. विंडोजचं मोठं अपडेट ठेवायलाही जागा उरत नव्हती आणि ते रोज प्रयत्न करत होतं. तो म्हणाला, ‘‘ताई, दोन-अडीच हजार घालायची तयारी आहे.’’

‘‘घालू नका. यात एक रुपयाही घालायला जागा नाही. ती टायपिंगच करते ना? मिंट टाकून देते, तेवढं चालेल.’’

‘‘आणि नाही चाललं तर?’’

‘‘तर कंपन्यांतून निघालेलं, आठव्या पिढीचं वापरलेलं मशीन बघा. तोवर हे पैसे बाजूला ठेवा.’’

तो दादाकडे बघून म्हणाला, ‘‘ह्या मेकॅनिक कसल्या? गिऱ्हाईक परत पाठवतात.’’